आभाळलेप आणि कुरडया

मधुसूदन केंजळ्यांना गच्चीला लावायच्या आभाळलेपातून सात अंशांचा गारवा मिळणार होता. वांगणीच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात सात अंश म्हणजे दुपारची झोप. सेक्रेटरी तेच, त्यामुळे लेपाचा ठराव एका बैठकीत झाला.

लेप दुधासारखा पांढरा. तो ऊन परतवायचा आणि गच्चीतली उष्णता आजूबाजूच्या हवेत न सोडता थेट आभाळापार धाडायचा. अकराला उष्णतेचा भोंगा वाजला, सगळं उपनगर घरात शिरलं आणि केंजळे पाच वर्षांत प्रथमच भरदुपारी घोरले.

चौथ्या दुपारी मात्र झोपेतच बेल वाजली. तळमजल्यावरच्या कमलताई घोसाळकर. हातात कुरडई.

"सेक्रेटरीसाहेब, दाबून बघा."

"कडक आहे की!"

"वरून. उलटी करा. तीन दिवस गच्चीत उन्हात आहे, तरी खालून ओली. तुमची गच्ची माठासारखी गार पडलीय."

"ठरावावर तुमचीही सही आहे, ताई."

"गार होणार म्हणालात. कुरडया वाळणार नाहीत, हे कुठे म्हणालात?"

"मग बाजेवर घाला."

"सहा बायकांच्या चाळीस किलो? तुमच्या पलंगावर घालू का?"

केंजळे हसले, पण ताई हसल्या नाहीत. पंधरा दिवसांत माल गेला नाही, तर सहाही जणींचं वर्षाचं गिऱ्हाईक तुटणार होतं.

डोक्यावर ओला पंचा टाकून दोघं वर गेली. केंजळ्यांनी जमिनीवर तळवा टेकला. खरंच गार. अर्ध्या गच्चीवर शेजारच्या टॉवरची सावली, उरलेल्या बहुतेक भागात सौरपट्ट्या. संध्याकाळपर्यंत ऊन टिकेल असा एकच तुकडा होता. तेवढ्यावरचा लेप खरवडला तर काम भागणार होतं.

"याच्याखाली कोणाची खोली?" ताईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"माझी. झोपायची."

"मग राहू द्या. झोपा तुम्ही," म्हणून ताई जिना उतरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खरवडणी घेऊन केंजळे स्वतःच गच्चीत बसले होते.

आता हिशेब असा: वरच्या मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरांना सात-सात अंश मिळाले, सहा बायकांना त्यांचं ऊन मिळालं, आणि त्याची भरपाई एका झोपायच्या खोलीने केली. केंजळे हल्ली दुपारी हॉलमध्ये चटईवर आडवे होतात, उशाशी तळलेल्या कुरडयांची ताटली. काल पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी लेपाची चौकशी करून गेले. केंजळ्यांनी त्यांना दराचं विचारूच दिलं नाही. आधी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे ऊन कोणाच्या खोलीवर पडतं?"