हातभर अंतरातली नवलाई

सावंतवाडीच्या खेळणी-प्रयोगशाळेतल्या नजरकक्षात आठ महिन्यांची राही आईकडे टक लावून बघत होती आणि तिची आई, डॉ. स्वरूपा, श्वास रोखून बसली होती.

"एकेचाळीस सेकंद," काचेपलीकडून परुळेकर सर म्हणाले. "परक्या माणसाकडे मूल जेवढं बघतं, तेवढंच."

बघून झाल्यावर राहीनं ओठ काढला आणि रडायला सुरुवात केली. गेले चार दिवस हेच चाललं होतं. स्वरूपानं उचललं की पोर आधी निरखायची, मग अंग चोरून भोकाड पसरायची, अनोळखी पाहुणीनं घेतल्यासारखी.

"तो खुळखुळा घरी नेलास कशाला गो?"

"अहवाल लिहायला दुपारचे दोन तास मिळावेत म्हणून. तीन आठवडे छान रमली, सर. मांडीवर दूध पितानाही हातात तोच."

लाखकामाच्या त्या लाकडी खुळखुळ्यात दोघांनी मिळून घडवलेला नवल-स्पंदक होता. कल्पना साधी होती. समोर काय येणार याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की नवल वाटतं, बरोबर येत गेला की नवलाई सरते. स्पंदक तो अंदाज साठूच देत नसे. शंभराव्यांदा घेतलेलं खेळणंही पहिल्यांदाच हाती आल्यासारखं वाटे. आठ दिवसांत अडगळीत न जाणारं खेळणं.

"चाचण्यांत आपण नजर मोजली ती फक्त खेळण्याकडची," सर म्हणाले. "खेळणं कुठलं आणि आई कुठली, हे स्पंदकाला काय कळतंय? हातभर अंतरातलं सगळंच नवं. तुझं तोंडसुद्धा."

"परत ओळखेल मला?"

"स्पंदक आता बंद आहे. अंदाज नव्यानं बांधू दे तिला. ती कंटाळून मान फिरवेपर्यंत समोर बसायचं. कंटाळा आला म्हणजे ओळख पटली."

"आणि नाहीच कंटाळली तर?"

सरांनी मोजणीचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

एकेचाळीस. चाळीस. पुन्हा एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी तेहतीसवर आलं आणि तिथंच अडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वीस, अकरा, आणि मग चार. राहीनं मान वळवली, स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळला आणि न बघताच आईच्या कुशीत कलंडली, रोजच्या उशीवर कलंडावं तशी.

"झालीस बाई एकदाची जुनी," सर हसले. मग ते दुसऱ्या पडद्याकडे वळले, त्यावर आईच्या नजरेची नोंद होत होती. "स्वरूपा, तीन दिवसांत तुझी नजर एकदाही हलली नाही."

"आई आहे मी तिची."

"माझी सूनही आई आहे. नातवाकडे बघते, मध्येच फोन बघते, दुधावर लक्ष ठेवते."

तेवढ्यात राही कुरकुरू लागली.

"काय हवंय तिला?" सरांनी सहज विचारलं.

स्वरूपानं कान दिला. भूक? झोप? काहीच उमगेना. एवढंच वाटलं, किती गोड आवाज आहे हा. जन्मात ऐकला नव्हता. गेले कित्येक दिवस रोज सकाळी हेच व्हायचं. हे डोळे, या पापण्या, सगळं पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. यालाच आईपण म्हणतात, असं ती समजून चालली होती.

"हातभर अंतरात मीही होते," ती हळूच म्हणाली.

सरांनी आत येऊन राहीला तिच्या हातातून घेतलं आणि नजर मोजायच्या खुर्चीकडे बोट केलं. "आता तुझी पाळी."

ती उठली नाही. राहीचा कान खिडकीतल्या उन्हात आरपार गुलाबी झालेला दिसत होता. मोठ्यांच्या मेंदूला वेळ जास्त लागला, तरी काही दिवसांत तो नुसता एक कान होणार होता. कुरकुर वाढली, रडण्यावर गेली, आणि कशासाठी ते आईला अजूनही कळत नव्हतं.

ती खुर्चीत जाऊन बसली.

"धरा तिला समोर," ती म्हणाली. "आणि मी थांबवा म्हटलं, तरी थांबवू नका."