उलट्या निऱ्या

आगबोटीवर काय नेसावं, हे नेकनुरात मला सांगू शकेल असं कुणी नव्हतं. समुद्रच कुणी पाहिलेला नव्हता. निजामाच्या राज्यातल्या फसली सनाच्या तेराशे एकवीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बाराचा चैत्र होता. आमच्या ह्यांचे (मोहनराव, आता ते नाहीत, म्हणून नाव लिहायला हरकत नाही) औरंगाबादेला बरोबर शिकलेले एक स्नेही मुंबईत होते. त्यांनी पत्र पाठवलं, मुंबईहून गोव्याला आणि परत असा तीन दिवसांचा आगबोटीचा प्रवास करा, घरच्या मंडळींना आणा, हवा फार छान असते. ह्यांनी ते पत्र तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचायच्या आत मी माझी पेटी उघडली होती.

बहिणीलाही न्यायचं ह्यांनी ठरवलं होतं. जानकीबाई, माझ्या मोठ्या नणंद. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बिंदुसरा नदीचा पूर, तोही लहानपणी, बापाच्या खांद्यावरून. समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही, हे ऐकल्यापासून त्या मला दिवसातून दहादा तेच विचारायच्या. मी थट्टा करायचे, त्या हसायच्या. आमचं दोघींचं चांगलं जमायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ते कुणाला पटणार नाही.

पेटीत चार कोरी इरकली लुगडी होती. जांभळं, डाळिंबी, हळदी आणि हिरवं. आमच्याकडे कोऱ्या लुगड्याची घडी आपण स्वतः मोडत नाही. लेकीला, बहिणीला, शेजारच्या सवाष्णीला आधी नेसायला देतो. तो प्रेमाचा मान असतो. म्हाताऱ्या आणखीही एक सांगायच्या, की लुगड्याच्या नशिबात जे असेल ते घडी मोडणारीला लागतं. मी ते कधी मानलं नाही. माझे वडील शाळामास्तर. दृष्ट, उतारे, अंगात येणं यांना आमच्या घरी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. वाचायला त्यांनीच मला शिकवलं, आणि प्रत्येक गोष्टीला कारण असतं हेही.

पहिल्यांदा मी जांभळं ठरवलं. चुलीपाशी बसून वन्संना सांगितलं, बोटीवर चढताना जांभळं नेसणार. दुसऱ्या दिवशी दुपारी भिवराबाईला दाखवायला म्हणून ते काढलं. भिवराबाई आमची शेजारीण, तिला कापडाची भारी पारख. तिनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, हे तर नेसलेलं आहे. घडी मोडलेली होती. निऱ्यांच्या चुण्या पडलेल्या, आणि खालचा काठ वीतभर ओला.

उंदीर, गळती, सांडलेला तांब्या, सगळं पाहिलं. काही नव्हतं. मी डाळिंबी ठरवलं. दोन दिवसांनी तेही तसंच निघालं. या वेळी काठ वाळत आला होता आणि त्यावर पांढरी रेघ उमटली होती. मी ती जिभेला लावून पाहिली. खारट होती. आमच्या आडाचं पाणी गोड आहे, सगळ्या आळीला ठाऊक आहे. चुण्यांमध्ये रेती होती, बारीक, पिवळसर. आमच्याकडची माती काळी.

माझा निर्णय फक्त एका माणसाला ठाऊक असायचा.

तरीही मी घाई केली नाही. स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या रांजणातलं मीठ हातानं सारखं केलं, वर बोटानं एक रेघ ओढली. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग वन्संना सांगितलं, हळदी. तिसऱ्या दिवशी कुलूप जागच्या जागी होतं, मिठातली रेघ जशीच्या तशी होती, आणि हळदी लुगडं पेटीत ओलं पडलेलं होतं. अंघोळीला जाताना मी किल्ली कोनाड्यात ठेवते, एवढं मला पुरलं.

आणखी एक गोष्ट मी त्याच वेळी पाहिली होती. मी डावखुरी. माझ्या निऱ्या सगळ्या बायकांच्या उलट बाजूला पडतात. लग्नानंतर सासरी त्यावरून वर्षभर हसणं झालं होतं. तिन्ही लुगड्यांवरच्या चुण्या तशाच उलट्या होत्या. मला वाटलं, वन्सं माझी नक्कल करून चिडवतायत. दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही. आजही मला त्या हुशारीची लाज वाटते.

मी त्यांना थेट विचारलं नाही. घालूनपाडून बोलायला मात्र लागले. एखादीला नेसायची हौस दांडगी असते, असं त्यांच्या देखत भिवराबाईला म्हणाले. वन्सं खाली मान घालून डाळ निवडत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं.

हिरवं लुगडं मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. तेवढं एकच उरलं होतं. ते कोरडं राहिलं.

निघायच्या आदल्या दुपारी वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या.

"वैनी, हिरवं ठरवलंय न्हवं?"

मी चमकले. तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.

"कोण सांगणार? मी बघितलं. तुमी अंगणात हुत्या, भर उनाच्या. जांभळं नेसला तवा घोट्यापोत्तर वल्ल्या हुत्या. डाळिंबीत गुडघ्यापोत्तर, हळदीत कमरंपोत्तर. काल हिरव्यात हुत्या. केसातून पाणी निथळत हुतं. मी हाक मारली, तर तुमी आतून वो दिली."

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी अंगणातून हाक मारली होती, हे खरं होतं. मी माजघरात तांदूळ पाखडत होते.

"नका जाऊ. न्हाईतर मला त्याची घडी मोडू द्या," त्या म्हणाल्या. "येकडाव नेसते आन् देते."

मला आधी हसू आलं आणि मग राग. विधवा बाईनं हिरवं लुगडं मागावं, आणि त्यासाठी एवढी कहाणी रचावी. मी उठून गेले.

सकाळी गाडी जुंपून तयार होती. पाटोदा, जामखेडमार्गे नगर, तिथून पुढे आगगाडी. वन्संचं छोटं गाठोडं आधीच गाडीत ठेवलेलं होतं. मी हिरवं लुगडं घ्यायला आत गेले, तर मधल्या घरात वन्सं ते नेसून उभ्या होत्या. सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदा त्यांच्या अंगावर रंग होता. आणि निऱ्या उलट्या होत्या, अगदी माझ्यासारख्या.

"घडी मोडली, वैनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता खुशाल नेसा."

मी काय बोलले ते सगळं लिहवत नाही. रांडावल्या बाईची सावली पडलेलं लुगडं मी नेसायचं का, एवढं सांगितलं तरी बाकीचं कळेल. मी काहीच मानत नव्हते. पण त्या सकाळी मला नेमकं तेवढंच मानावंसं वाटलं, कारण तेवढ्यानंच त्यांना लागणार होतं. त्यांनी लुगडं सोडलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि आपलं धुवट पांढरं नेसल्या. मी गाठोडं गाडीतून उतरवायला लावलं. ह्यांना सांगितलं, वन्संचं मन नाही. त्या दारात उभ्या होत्या, पण त्यांनी मला खोटं पाडलं नाही.

समुद्र फार सुंदर होता. तेही लिहायला हवं.

परतीच्या दिवशी, शुक्रवारी, मी हिरवंच नेसले. बाकीची तीन डागाळलेली होती. ऐन दुपार होती, पाणी तव्यासारखं सपाट. मी कठड्याला टेकून उभी होते. काही कारण नसताना बोट एका अंगाला कलली आणि भिंतीएवढी लाट वर चढून आली.

शेजारचा कठडा गेला. एक पारशीण आडवी पडली. हे दहा हातांवर होते, ते डोक्यापासून भिजले, टोपी वाहून गेली.

मी जागची हलले नव्हते. माझ्या अंगावर एक थेंब नव्हता.

एक म्हातारा खलाशी धावत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. सगळी फळी ओली होती, फक्त माझ्या पावलांपुरत्या दोन जागा कोरड्या. त्यानं छातीला हात लावला आणि मागे फिरला. हे मात्र हसले. म्हणाले, तुमचं नशीब पक्क्या रंगाचं आहे. घरी गेल्यावर वन्संना हे कसं रंगवून सांगायचं, याचा मी नगरपर्यंत विचार केला. तेवढ्यानं आमचं भांडण मिटलं असतं.

घराला कुलूप होतं. किल्ली घेऊन भिवराबाई आली.

शुक्रवारी दुपारी वन्सं लिंबाच्या सावलीत डाळ निवडत बसल्या होत्या, ती सांगू लागली. मधेच उठल्या. नदीत उतरताना बाई उचलते तसा त्यांनी ओचा उचलला, उन्हात चार पावलं टाकली आणि आडव्या झाल्या. भिवराबाईनं धावत जाऊन उचललं, तर तोंडातून पाणी आलं, थांबेचना. केसांतून निथळत होतं. अंगणातली माती कोरडीठाक होती.

"येक सांगू का, मंजुळाबाई," ती म्हणाली, "तुमी गेल्यापून रोज निऱ्या उलट्याच घालायच्या. तुमच्यावानी. मी म्हटलं, कावून वो? तर म्हणल्या, वळख पटाया पायजे."

वन्संचं गाठोडं मी उतरवायला लावलं होतं तिथेच, ओट्यावर होतं. त्यात एक लुगडं, एक फणी आणि समुद्राचं पाणी भरून आणायला एक रिकामी बाटली होती.

त्यांच्या अंगावरचं पांढरं लुगडं भिवराबाईनं मधल्या घरात वलणीवर टाकलं होतं. वाळलं की कुणाला तरी देऊन टाकू म्हणून. याला आता तीस वर्षं झाली. वैशाखात आमच्याकडे धुणं टाकून पाठ फिरवेपर्यंत वाळतं. ते लुगडं मी उन्हात घातलं, चुलीच्या धगीला धरलं, नदीवर नेऊन धोंड्यावर आपटलं. रोज दुपारी मी ते पिळते.

ओल्या लुगड्याची घडी घालत नाहीत. ते अजून वलणीवरच आहे.