फ्लोटवरचा वैमानिक

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा, रिमेंबरन्सचा कार्यक्रम होता. त्याच्या बातमीसाठी मी आदल्या दुपारी डॉ. उल्हास परचुरे यांच्या घरी गेलो. त्यांच्या वडिलांनी, नानांनी, महायुद्धात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आपल्या लढाऊ विमानातून एक जपानी विमान पाडलं होतं. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्या विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल बनवून काचपेटीत ठेवलं होतं. त्याला चाकं नव्हती. पोटाखाली होडीसारखा लांब फ्लोट, आणि कॉकपिटमध्ये नखाएवढा वैमानिक.

त्यांची मुलगी उर्वी भाषणाची तालीम करत होती.

"आजोबाने समोरासमोर लढाई केला..."

"केली," डॉक्टर म्हणाले.

"Whatever, बाबा. But it was a fair fight, ना?"

"हो."

ती चहा करायला आत गेली. पेटीच्या तळाशी मला पाणी दिसलं. कॉकपिट रिकामं होतं. वैमानिक फ्लोटवर उभा होता.

"हा सुटला वाटतं," मी म्हटलं.

"कसा सुटेल? त्याला चिकटवून कॉकपिटची काच बंद केली होती मी."

डॉक्टरांनी पेटी उघडली, पाण्याला बोट लावून ते जिभेवर टेकवलं आणि स्वयंपाकघराकडे बघत आवाज उतरवला.

"खारट आहे."

मग तेच पुढे बोलले.

"विमान बिघडून पाण्यावर उतरलं होतं हो. हा असाच फ्लोटवर उभा होता, हात वर करून. नाना वळून परत आले आणि गोळ्या घातल्या. शेवटच्या आजारात सांगितलं मला."

"उर्वीला माहीत आहे?"

"तिने मुलाला त्यांचं नाव दिलंय. तुम्हीही लिहू नका, प्लीज."

मी मान डोलावली आणि पेटीकडे पाहिलं. वैमानिकाचे दोन्ही हात आता वर होते.

डॉक्टरांनी पेटी रुमालाने पुसली. त्याच्याकडे न बघता.

रविवारी पेटी स्टेजजवळच्या टेबलावर होती. उर्वी छान बोलली. "माझ्या आजोबांनी शत्रूशी समोरासमोर लढाई केली," ती म्हणाली, आणि हॉल टाळ्यांनी भरला. पहिल्या रांगेत डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. तिचं वाक्य मी जसंच्या तसं टिपून घेतलं.

टाळ्या चालू असतानाच पेटीपाशी गेलो.

फ्लोट रिकामा होता.

वैमानिक खाली, पाण्यात पालथा.

पेटी उघडून मी त्याला दोन बोटांत उचललं.

प्लॅस्टिकच होतं. अजून कोमट होतं.