बर्फाखालचा फोन

फोन ठेवा रे खाली, चहा निवतोय. आणि ए, तू दात काय काढतोस? तोक्तोसुनला मी जन्मभर ओळखायचो. एकाच कुरणावर मेंढ्या राखल्या आम्ही. थापा मारणारा माणूस नव्हता तो.

जानेवारीतला दुसरा गुरुवार. तोक्तोसुन आत-बाशीच्या बाजारात तेल आणायला गेला होता. बायकोनं, बातमानं, धाडलं होतं. गुरुवारी मेलेल्यांच्या नावानं तळण काढायचं असतं ना. आणि जावई नुकताच मेला होता, जेनिश. दारू ढोसून गोठलेल्या नदीवर गाडी घातली, बर्फ फुटला, गाडीसकट खाली गेला. वरून पुन्हा बर्फ धरला. पोलीस म्हणाले, आता वसंतातच काढू.

मेला ते बरं झालं, मी तर तोंडावर सांगतो. तोक्तोसुनच्या पोरीला, नुरिलाला, त्यानं भर रस्त्यातून उचलून नेऊन बायको केली होती. पोरीचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या. ती माहेरी पळून आली, तर हा कुंपणाशी गाडी लावायचा आणि सासऱ्याच्याच वायफायवरून तिला धमक्या पाठवायचा. पासवर्ड बदलला की कुठल्यातरी भाच्याला फितवून नवा काढायचा. शेवटी तोक्तोसुननं त्याच्या फोनचा नंबरच बंद करून टाकला. सिमचा नाही रे, यंत्राचा. तो कारखान्यातच पडतो. कार्ड बदललं तरी तो बदलत नाही. राउटर तेवढ्या फोनला ओळखून दारातच अडवायचा.

जेनिश मेला, आणि आठवड्याच्या आत तोक्तोसुनच्या फोनवर सूचना आली. ‘बंद केलेला फोन जोडू पाहतोय.’ मग रोज रात्री तेच. फोन तर नदीत होता, मालकाच्या खिशात.

त्या गुरुवारी बातमा बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळता तळता म्हणाली, “उघड त्याला.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“चाळीस दिवस मेलेल्याला दारात अडवत नाहीत. तळणीच्या वासावर येतात, वास घेतात, जातात. तू अडवलंस म्हणून घुटमळतोय तो.”

नुरिला म्हणाली, “आई, जिवंत होता तेव्हा कडी लावलीस. आता उघडतेस?”

“तेव्हा हरामखोर होता. आता पाहुणा आहे.”

आपली माणसं अशीच. रीत मोडायची म्हटलं की हातपाय गळतात. तोक्तोसुननं बंदी काढली. दाराची कडीही काढली.

थोड्या वेळानं सूचना आली. ‘जोडला गेला.’

पुढे काहीच झालं नाही. बोरसोक थंड झाले. सगळे निजले.

मग नुरिलाचा फोन वाजला. एकच शब्द... ‘आलो.’

तिची किंकाळी अर्धीच निघाली. तोक्तोसुन कुऱ्हाड घेऊन धावला. खोलीत कोणी नव्हतं... आणि नुरिला जमिनीवरून फरफटत चालली होती. वेणीनं. दाराकडे. डोकं उंबऱ्यावर आपटलं. रक्त. बातमानं तिचे पाय धरले. बातमाच्या तोंडावर फटका बसला, दात सांडले. तोक्तोसुननं वेणीपुढच्या हवेत कुऱ्हाड घातली. लागली. कशाला तरी लागली... ओलं, जड. पुन्हा घातली. पुन्हा.

वेणी सुटेना.

तेव्हा त्याला सुचलं. कुऱ्हाड टाकली. फोन उचलला. रक्तानं बोटं घसरत होती... यादी... तो नंबर...

बंद.

टर्रकन आवाज झाला. दार आपटलं. मग... काही नाही.

नुरिला वाचली. मागच्या बाजूला केस उगवत नाहीत, रुमाल बांधते. वेणी मात्र घरात सापडली नाही. अंगणातही नाही. बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये क्रेननं गाडी वर काढली, तेव्हा मी काठावर तोक्तोसुनच्या शेजारी उभा होतो. काचा वर होत्या. दारं आतून बंद. जेनिशच्या छातीवर पट्टा तसाच लावलेला. आणि उजव्या मुठीत वेणी... मुळाशी कातड्यासकट.

पोलिसाला बोटं उघडता येईनात. तोक्तोसुन म्हणाला, “राहू द्या. तेवढीच घेऊन जाऊ दे त्याला.”

तशीच पुरली, मुठीसकट.