हिलारसच्या नावातला शेंदूर

सैनिकांनी पूर्वेकडून साथ आणली, त्याच्या दुसऱ्या वर्षीच्या वसंतातली ही गोष्ट. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आता ऐंशी उलटली.

पोएतोव्हिओ या रोमन गावात, द्रावा नदीच्या उजव्या तीरावर, जकातकचेरीच्या मागे आमचं अंगण होतं. बाबा दगडात अक्षरं कोरत, मी त्यांत शेंदूर भरत असे. अंड्याच्या पांढऱ्यात तो खलायचा आणि बारीक कुंचल्यानं अक्षराच्या तळाशी बसवायचा. नीट बसला की दहा हिवाळे हलत नाही.

त्या वसंतात बाबांनी देवळासाठी एक दगडी वेदी कोरली, तिच्यावर तीन नावं होती. ओनेसिमस, जकातीचा मुख्य कारकून. ग्रातुस, माझा थोरला भाऊ. तो तिथेच माल तोलायचा. आणि हिलारस, नाक्यावरचा पहारेकरी, चाळिशीचा, भारी तोंडाळ. तिघेही मिथ्रा देवाचे भक्त. हिवाळा जिवंत पार पडला तर देवाला वेदी देऊ, असा तिघांनी मिळून नवस केला होता, आणि तिघेही जगले होते. वेदीच्या एका अंगाला बाबांनी खडकातून जन्मणारा देव कोरला होता, एका हातात सुरी, दुसऱ्यात मशाल. त्याच्या देवळात बायकांना मज्जाव, म्हणून मी तो पाहिला तेवढा अंगणातच.

सकाळी मी तिन्ही नावं भरली. दुपारी जेवून आले तर हिलारसचं नाव कोरं. पुसलेलं नव्हे. पुसलं तर फराटा राहतो. दगड नुकताच कोरल्यासारखा पांढरा होता.

मी पुन्हा भरलं. पुन्हा तेच झालं.

तिसऱ्या दिवशी ओनेसिमस हिलारसला आणि दादाला घेऊन आला. त्यानं नखानं अक्षर कुरतडून पाहिलं.

“हिलारस, तूच पुसतोस.”

“माझंच नाव मी कशाला पुसू? शेंदरालासुद्धा मी आवडत नाही, बायकोसारखंच आहे त्याचं,” हिलारस हसला.

“थट्टा पुरे. एकाचा नवस राहिला की तिघांचा राहिला. साथ अजून गावात आहे.”

हे ऐकून दादाचा चेहरा उतरला. त्याचं लग्न सुगीनंतर ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघे आणि बाबा वेदीभोवती बाकं टाकून बसले. मी रंग भरला. ओनेसिमसनं हिलारसला दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावले.

“बोटं मोजून घ्या,” हिलारस म्हणाला. “मागाहून तक्रार नको.”

रस्त्यावर कुणीतरी खोकलं. त्या वर्षी खोकला ऐकला की सगळे वळून बघायचे. आम्हीही बघितलं.

परत वळलो तर नाव कोरं. हिलारसचे हात मांडीवरच होते. नखांत कणभरही शेंदूर नव्हता.

“मग भरणारीचीच लबाडी असणार,” ओनेसिमस म्हणाला.

बाबांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली. ती तर नेहमीच लाल. त्या दिवसापासून ते शेंदराची डबी स्वतःच्या कमरेला बांधू लागले.

चार दिवसांनी ओनेसिमसला ताप भरला. अंगावर फोड उठले. आठवडाभरात तो गेला.

त्याच्या नावातला रंग मात्र ओला दिसत होता.

मी दादाच्या नावाकडे पाहिलं. तेही तसंच ओलं. मी हाडाची सुई घेतली आणि एकेक अक्षर खरवडून काढलं, व्हिनेगरनं धुतलं. दगड पांढरा झाला तेव्हा दादा मागे उभा होता.

“काय केलंस हे?”

“दादा, ज्याचं नाव कोरं, तो धडधाकट आहे. बघ तरी.”

“माझा नवस मोडतेस? म्हणजे त्याचंही तूच पुसलंस!”

“आईशप्पथ नाही रे.”

मी रडत वाडगं उचलायला वाकले. दादानं खांदा धरून मला वेदीकडे वळवलं.

त्याचं नाव पुन्हा भरलेलं होतं. काठोकाठ.

डबी बाबांच्या कमरेला, आणि बाबा पुलापलीकडे.

दादानं बोट लावलं. बोट लाल झालं. मग तो हसला, लहानपणी हसायचा तसा.

“बघ वेडे. देवानं घेतला नवस.”

दादा सुगीपर्यंत टिकला नाही. त्याच्या वाग्दत्त वधूनं पुढे एका नावाड्याशी लग्न केलं. तिची नातवंडं मला फळं आणून देतात. वेदी देवळात गेली, पुन्हा मला दिसली नाही. बाबांनी त्यानंतर एक अक्षरही कोरलं नाही. मरेपर्यंत दळायची जातीच घडवली. मी लग्न केलं, मुलं वाढवली, नवऱ्याला पुरलं.

हिलारस अजून नाक्यावर बसतो. कारकून बदलले, जकातीचे ठेकेदार बदलले. तो किती वर्षांचा हे आता कुणी विचारत नाही. थट्टा करणं त्यानं केव्हाच सोडलं.

परवा मी काठी टेकत तिथून जात होते. त्यानं हाक मारली. त्याच्या दाढीत एकही पांढरा केस नाही.

“पोरी,” तो म्हणाला, “माझं नाव तेवढं राहिलंय गं.”