होयची बाजू

संसदेत काय शिजतंय ते बाहेरच्यांना वेळेवर कळवणं, हा थोरलीचा पेशा होता. कंपनी लहान, पण गिऱ्हाइकं बडी: खाजगी दवाखान्यांची संघटना, बंदरवाले, बियाणं कंपन्या, एखाददुसरं विद्यापीठ. कुठलं विधेयक कुठल्या समितीत अडकलंय, अर्थसंकल्पात कोणत्या खात्याच्या तरतुदीला कात्री लागणार, कलमातला एक शब्द बदलला की कोणाच्या पोटावर पाय येणार, हे सगळं ती रोज संध्याकाळी टिपण करून पाठवी. त्यासाठी तिनं वर्षानुवर्षं संसदेच्या जिन्यांवर चपला झिजवल्या होत्या. खासदारांचे सचिव, समित्यांचे कारकून, उपाहारगृहातले वाढपी, सगळ्यांशी गोड बोलून बातमीची एकेक खिडकी किलकिली करून ठेवली होती. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत आणि तिचं टिपण डोळे मिटून पुढे पाठवत.

मग धाकटी आली. तिला कंपनीत थोरलीनंच चिकटवलं होतं. धाकटीची एकही नोकरी धड टिकत नव्हती, आणि आईनं जेवताना रोज तेच दळण लावलं होतं. "तुझ्या हाताखाली घे की तिला. पाठची बहीण आहे तुझी, परकी आहे का?"

सुरुवातीला धाकटी कात्रणं लावायची, फोन घ्यायची, सगळ्यांना हसवायची. एकदा थोरली तापानं घरी होती म्हणून टिपण तिनं लिहिलं. नदीवरच्या बंदरांना मिळणारी करसवलत विधेयकातून जाणार, असं त्यात होतं. थोरलीनं ते घरी वाचलं आणि कपाळाला हात लावला. समितीत तो विषय निघालाच नव्हता! पण पुढच्याच आठवड्यात तो निघाला आणि सवलत गेली. बंदरवाल्यांनी कंपनीच्या साहेबांना फोन करून धाकटीचं कौतुक केलं.

पुढे हे वरचेवर होऊ लागलं. धाकटी लिहायची आणि मागाहून तसंच घडायचं, कलमातल्या स्वल्पविरामासकट. साहेबांनी एक दिवस थोरलीसमोरच विचारलं, "दवाखान्यांचं टिपण यापुढे धाकट्या मॅडमकडे देऊ या का? तुमच्यावरचा भार तेवढाच हलका होईल." थोरली म्हणाली, "द्या की. मला आनंदच आहे." त्या रात्री जेवताना समोर आई धाकटीच्या पानात वाढत होती आणि विचारत होती, "तुला गं कसं एवढं कळतं?"

थोरलीला हाच प्रश्न कुरतडत होता. कोणी मंत्री गाठलाय का? कोणाबरोबर फिरते का? एका दुपारी ती धाकटीच्या मागोमाग निघाली.

धाकटी संसदेच्या जुन्या भागात गेली. दुरुस्तीसाठी तो भाग कधीचा बंद होता. गालिचे गुंडाळून भिंतीला उभे केलेले, दिव्यांवर फडकी, हवेत चुन्याचा आणि ओल्या लाकडाचा वास. कोपऱ्यातल्या समितीकक्षाचं दार तिनं ढकललं. आत लांबलचक टेबल होतं, त्याभोवती रिकाम्या खुर्च्या. पत्रकारांच्या बाकावर बसून ती खाली मान घालून भराभर लिहू लागली.

"काय चाललंय?" थोरलीनं दारातूनच विचारलं.

धाकटी दचकली नाही. बोट ओठांवर ठेवून कुजबुजली, "हळू, ताई. दवाखान्यांच्या अनुदानावर आलेत ते."

"कोण ते?"

धाकटीनं नवलानं तिच्याकडे पाहिलं. "तुला नाही ऐकू येत?"

थोरलीनं जीव कानात गोळा केला. काहीसुद्धा नाही. मात्र टेबलावर प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याचा पेला होता आणि एकेका पेल्यातलं पाणी थरथरत होतं, शेजारी कोणी टेबलावर कोपर टेकवावं तसं.

तिथं भीती वाटायला हवी होती. थोरलीला मात्र वाटलं ते एवढंच: हेही हिलाच! आपण उंबरे झिजवायचे, आणि हिनं नुसतं येऊन बसायचं!

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्या कानावर घातलं की धाकटी बंद भागात विनापरवाना शिरते, उद्या कंपनीवर शेकेल. संसदेचा पास धाकटीकडून काढून घेतला गेला. धाकटी भांडली नाही, रडली नाही. घरी उशांचे अभ्रे बदलता बदलता म्हणाली, "मला सांगायचंस ना, ताई. मीच नेलं असतं तुला रोज."

ते समजूतदार बोलणं थोरलीला भांडणापेक्षा जास्त झोंबलं.

ती एकटीच जाऊ लागली. त्याच बाकावर, त्याच वेळी बसायची. आधी काही नाही. मग हळूहळू खुर्चीची एक करकर. कोणी घसा खाकरला. कागद उलटल्याचा आवाज. पण शब्द म्हणून एक नाही. बंद दारापलीकडे मेजवानी चालू असावी आणि आपल्याला फक्त भांडी वाजलेली ऐकू यावीत, तसं.

त्या दुपारीही ती तशीच ताटकळत बसली होती. फोन वाजला. आईचा संदेश होता: धाकटीला बियाणं कंपनीनं थेट स्वतःकडे बोलावलंय, वरच्या जागेवर. येताना काहीतरी गोड आण.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून ती मोठ्यानं म्हणाली, "ही नसतीच तर किती बरं झालं असतं!"

करकर थांबली.

मग पहिल्यांदाच स्पष्ट शब्द आले. अध्यक्षांच्या खुर्चीतून, म्हाताऱ्या, सौम्य आवाजात.

"सूचना मांडली गेली आहे. अनुमोदन?"

"आहे," कोणीतरी म्हणालं.



"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय." सगळ्या टेबलाभोवतून.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

तिला म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे आईचा हात आला, धाकटीच्या पानात वाढणारा, आणि शब्द क्षणभर घशात थबकला.

तेवढाच क्षण.

"होयची बाजू. संमत."

"नाही!" ती ओरडली. "मागे घेते मी! मागे घेते!"

पेल्यांमधलं पाणी स्थिर झालं होतं.

ऑफिसात तिच्या शेजारच्या, धाकटीच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे रचलेले होते, धूळ बसलेले. साहेब म्हणाले, "बहीण? तुम्हाला बहीण आहे हे कधी बोलला नाहीत, मॅडम."

ती धावत घरी गेली. आई खिडकीपाशी भाजी निवडत होती.

"आई, धाकटी कुठंय?"

"कोण धाकटी?" आई हसली. "तू एकटीच पुरून उरलीस गं मला."

दोघींच्या खोलीत एकच पलंग होता. भिंतीवरच्या फोटोत बाबा उभे होते, एका हातानं लहानग्या थोरलीला धरून. दुसरा हात त्यांनी शरीरापासून जरा दूर धरला होता, बोटं मिटून, कोणाची तरी मूठ धरल्यासारखा.

त्यानंतर थोरली रोज दुपारी त्या कक्षात जाते. पहिले काही दिवस नुसतं "मागे घेते, मागे घेते" म्हणत राहिली. कोणी अनुमोदन विचारलं नाही. आता ती वही काढून गप्प बसते. आता तिला सगळं ऐकू येतं: कलमं, दुरुस्त्या, तरतुदी. तिची टिपणं कधी चुकत नाहीत. दवाखान्यांचं काम पुन्हा तिच्याकडे आलंय, आणि साहेब तिचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

सभासद आता बोलत नाहीत. एकच आवाज सगळं वाचून दाखवतो, न थकता, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत. फक्त एखाद्या लांब कलमापाशी तो जरा थांबतो आणि टेबलाच्या टोकाकडून काळजीनं विचारतो,

"लिहून होतंय ना, ताई? हळू वाचू?"