बुटका कॅन परत आला

"ए किनू! बाहेर ये! तुमचा बुटका परत आला!"

गोन्शिरोकाकांनी बर्फगाडीवरून दुधाचा कॅन ढकलला. तो धप्पकन बर्फात रुतला. घोड्याने नाकातून वाफ सोडली. ती बाहेरची थंडी बघून घाबरली आणि पुन्हा त्याच्याच नाकात शिरली. होक्काइदोतला तो हिवाळाच तसा होता!

"परत? पुन्हा?" गोठ्यातून धावत आलेली किनू ओरडली.

"दुधात पाणी आहे म्हणे. डेअरीच्या कुरिहारासाहेबांनी दूध तपासायचा लॅक्टोमीटर सोडला, तो गेला डुबुक्कन खाली! उद्या शेवटची संधी. उद्याही पाणी निघालं तर डेअरीचं दार बंद." काकांनी लगाम ओढला. "मी काय बाई, निरोप्या माणूस. चल रे, तांबड्या!"

घंटांचा आवाज टेकडीआड गेला. मग उरला नुसता पांढरा माळ, आणि त्यात एक घर, एक गोठा.

बाबा दारात उभे होते. योहेइ शिमोदा मुळातच कमी बोलणारे. दूर दक्षिणेतलं सानुकीचं गाव सोडून इथे आल्यापासून तर ते गायींइतकंच बोलत. त्यांनी एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "जेवून घे," एवढंच म्हणाले आणि चारा कापायच्या यंत्राशी जाऊन दांडा फिरवू लागले. यंत्रात चारा घालायला मात्र विसरले.

हा मळा त्यांनी शरदात विकत घेतला होता. आधीचा मालक थंडीला कंटाळून गावी परत निघाला होता. त्याच्याकडून तीन काळ्याबांड्या गायी, गोठा, मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याचा, उंच लाकडी मनोरा, चारा कापायचं यंत्र, साय वेगळी काढायचं यंत्र, सगळं घेतलं. राहिले होते फक्त दुधाचे कॅन. "हा घ्या, फुकट!" म्हणून मालकाने जाता जाता एक जुना, बुटका, झाकणाला पोचा आलेला कॅन त्यांच्या गळ्यात मारला. बाबांना त्या दिवशी केवढा आनंद झाला होता!

बर्फ वितळलं की आई तान्ह्या भावाला घेऊन इथे येणार होती. पण डेअरीने दूध घेतलं नाही तर मळा विकायचा, बाबांनी कोळशाच्या खाणीत जायचं आणि किनूने बंदरावरच्या आत्याकडे. आई मग येणार तरी कुठे?

त्यात शाळेला नववर्षाची सुट्टी. बाकीच्यांना सुट्टी म्हणजे चंगळ! किनूला सुट्टी म्हणजे गप्प बाबा आणि तीन गायी. तिने थोरल्या ओकुरोला इतकं काही सांगितलं होतं, की ती गाय परीक्षेला बसली असती तर सहज पास झाली असती.

"मी स्वतः धार काढली ना गं, ओकुरो? मग पाणी आलं कुठून?"

ओकुरोने रवंथ केलं. तिलाही कोडंच पडलं होतं.

किनूने कॅनचं झाकण काढलं आणि ती बघतच राहिली. सकाळी तिने दूध कॅनच्या गळ्यापर्यंतच भरलं होतं. आता तो काठोकाठ होता! आणि वास? सडक्या अंड्याचा!

तिने थोडं दूध वाटीत घेतलं, पायांना वेताचे बर्फजोडे बांधले आणि ती निघाली. तोराकिची आणि त्याची धाकटी बहीण हात्सु नदीपलीकडच्या मळ्यावर राहत. वाट इतकी लांब, की निघताना मनात धरलेलं गाणं पोहोचेपर्यंत म्हातारं व्हायचं. वाटेत किनूला एकच जण भेटला, एक कोल्हा. तोही थांबला नाही.

"आमच्या दुधात नाही कधी पाणी निघत!" तोराकिचीने छाती फुगवली. "आमचे कॅन नवे कोरे, लांब मानेचे! तुझ्या गायीला सांग, पाणी जरा कमी पी म्हणावं!"

"दादा, तुझ्या डोक्यात लॅक्टोमीटर सोडला ना, तर तळाला जाईल तो!" हात्सु म्हणाली. तिने वाटी नाकाशी नेली. "ई! हा तर आजोबांच्या पंच्याचा वास! गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करून आले की अस्साच येतो!"

"दूध कशाला जाईल कुंडावर? आंघोळीला?" तोराकिची खो खो हसला. मग एकदम हसायचा थांबला. "पण गोन्शिरोकाकांची गाडी कुंडावरूनच जाते की!"

तिघं एकमेकांकडे बघू लागली.

"उद्या गाडीत लपायचं! पेंढ्याखाली!" हात्सु उड्या मारू लागली.

"आणि मी त्याच धारेचं दूध एका सुरईत भरून घेईन," किनू म्हणाली.

"ते कशाला?"

"दुधाची ही दोन्ही भावंडं शेजारी उभी केली की कळेल ना, आंघोळ कोणी केली ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तोराकिचीच्या घरचे कॅन उचलत असताना दोघं भावंडं पेंढ्यात शिरली. किनूच्या फाटकाशी काका बुटक्याला आणायला उतरले, तशी किनूही आत! अंगरख्याच्या आत, छातीशी, बाबांची साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, रिकामी सुरई. आता तीत दूध होतं.

गाडी डुलत निघाली. पेंढा तोराकिचीच्या नाकात गेला. "आ... आ..." हात्सुने त्याच्या तोंडात खारवलेला अख्खा मुळा कोंबला. शिंक मुळ्यासकट पोटात गेली.

गाडी थांबली. एकेक कॅन उचलला जाऊ लागला. छपाक! छपाक! मग शांतता. आणि मग कोणीतरी गप्पा मारायला लागलं!

तिघांनी हळूच डोकी वर काढली.

झाडांमध्ये कुंड वाफाळत होतं. कुंडात गळाभर पाण्यात गोन्शिरोकाका, डोक्यावर घडी घातलेला पंचा. आणि त्यांच्याभोवती गोल करून दुधाचे कॅन! तेही गळाभर पाण्यात, माना बाहेर काढून!

"काय मंडळी, ऊब आली ना?" काका कॅनना म्हणत होते. "आज वारा फार हो! आमची बायको असती तर बाहेर पडू दिलं नसतं तिने. तुम्ही बोलत नाही, पण ऐकता छान. घरी ऐकायलासुद्धा कोणी नाही बघा."

किनूला ओकुरो आठवली.

तेवढ्यात तिने बुटक्याला शोधलं. बाकी सगळ्यांच्या माना पाण्यावर, आणि त्या बिचाऱ्याचं डोकंच पाण्याखाली! पोचा आलेल्या झाकणाखालून बुडबुडे येत होते. बुडुक! बुडुक!

"काका! आमचा बुटका बुडतोय!"

काका इतके दचकले, की तेच बुडाले. नुसता पंचा तरंगत राहिला. मग लालबुंद तोंड वर आलं.

"तुम्ही? इथे काय करताय?"

"तुम्ही काय करताय ते आधी सांगा!" तोराकिची गरजला.

"अरे, दूध गोठतं वाटेत! गोठलं की साहेब मला बोलतात. साकेची सुरई नाही का आपण गरम पाण्यात बसवत? तसंच हे! थोडा वेळ बसवलं की डेअरीपर्यंत गोठत नाही. आणि झाकणं तर घट्ट आहेत!"

"आमचं नाही!" किनूचा आवाज चिरका झाला. "आणि आमचा कॅन बुटका आहे! आज दार बंद झालं तर आई येणारच नाही, काका!"

काका पुटपुटले, "साहेबांना सांगू नका. माझं काम जाईल. आणि सांगितलंत तरी मी नाही म्हणेन! पोरांवर कोण विश्वास ठेवतो?"

"असं होय?" हात्सु काठावर उभी होती, आणि तिच्या कुशीत काकांच्या कपड्यांचं गाठोडं! "मग तुमचे कपडे आमच्याबरोबर पुढे येतील. तुम्ही सावकाश या!"

काकांनी चारी बाजूंच्या बर्फाकडे पाहिलं.

"सांगतो!" ते म्हणाले.

डेअरीत कुरिहारासाहेब लोणी लावलेला पाव खात होते. त्यांची मिशी बाहेर गोठायची आणि आत आली की ठिबकायची, म्हणून ते नेहमी चिडलेले असत.

"पुन्हा शिमोदांचा कॅन?" त्यांनी बुटक्यातलं दूध उंच भांड्यात ओतून लॅक्टोमीटर सोडला. डुबुक! "पाणी! संपला विषय!"

"साहेब, आता हे बघा." किनूने सुरई पुढे केली. दूध अजून तिच्या अंगाच्या उबेने कोमट होतं.

साहेबांनी ते दुसऱ्या भांड्यात ओतलं. लॅक्टोमीटर ऐटीत तरंगत राहिला.

"हे दूध कोणाचं?"

"त्याच गायींचं, त्याच धारेचं. फक्त त्यातलं एक आंघोळ करून आलंय!"

सगळ्यांनी गोन्शिरोकाकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. तोराकिचीने बुटका रिकामा करून, झाकण लावून पाण्याच्या पिंपात दाबला. बुडुक! बुडुक!

"म्हणजे, दूध परत पाठवायला लागण्याआधी हेच आंघोळीचं थोडं थोडं पाणी आपल्या लोण्यात..." साहेबांनी हातातल्या पावाकडे बघितलं आणि तो हळूच खाली ठेवला. "बंदरावरच्या हॉटेलातून गेल्याच महिन्यात आपल्या लोण्याचं कौतुक आलं होतं! चवीत काहीतरी औरच आहे म्हणे!"

"ते औरच म्हणजे काका!" हात्सु म्हणाली.

कोणी हसलं नाही. साहेबांची मिशी ताठ झाली. "गोन्शिरो, उद्यापासून तुमचं काम..."

"त्यांना काढू नका, साहेब!" किनू मध्येच बोलली. "दूध गोठू नये म्हणूनच केलं त्यांनी. कॅनना पेंढा आणि जुन्या गोधड्या बांधू. आणि सुट्टीभर आम्ही जाऊ त्यांच्याबरोबर. कॅनशी बोलायची वेळ कशी येते, ते मला माहीत आहे."

मोठ्या माणसापुढे वाकावं तसे साहेब तिच्यापुढे कमरेत वाकले. "शिमोदांना सांग, मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला. उद्यापासून दार उघडं, आणि गोन्शिरोंची गाडीही चालू राहील. आणि पोरांनो, तुमच्यातला एकजण जरी माझ्या हाताखाली असता, तर मला हा पाव खावा लागला नसता!"

डेअरीतर्फे एक नवा, लांब मानेचा कॅन घेऊन किनू घरी आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्राचा दांडा थांबला.

"चूक माझी," ते म्हणाले. "फुकट मिळाला म्हणून हुरळलो. तू आहेस म्हणून मळा राहिला, पोरी. आईला तार करतो. बर्फ वितळलं की लगेच निघ म्हणतो. शाब्बास!"

बाबा एका दमात एवढं बोलले, की तिन्ही गायी माना वळवून बघू लागल्या.

बुटक्याला बाबा भंगारात टाकणार होते, पण गोन्शिरोकाकांनी तो मागून नेला. सुट्टीभर तिघं मुलं काकांच्या गाडीत बसून हिंडली. काका बायकोबद्दल, घोड्याबद्दल, गावाकडच्या समुद्राबद्दल बोलत राहिले. मग सुट्टी संपली.

शाळेच्या पहिल्या दिवशी किनू एकटीच वाटेवरून चालली होती. समोरून घंटा वाजत गाडी आली. पुढच्या फळीवर काका, आणि त्यांच्या शेजारी, गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला, बुटका! काका त्याला काहीतरी समजावून सांगत होते.

किनूने हात केला. काकांनीही हात केला. आणि गाडी खड्ड्यात आपटली, तसं बुटक्याचं पोचा आलेलं झाकण खडखडलं. कोणी काहीही म्हणो, त्याने काकांना 'हो, हो' असंच उत्तर दिलं!